पोटुशी बाईचा ताण बाळापर्यंत पोहोचतो का? उंदरांवरच्या प्रयोगांतून काय कळलं

निमगाव केतकी : गाय व्याली की आधी काय करते? वासराला चाटून काढते. गोठ्यात सगळ्यांनी पाहिलेली ही गोष्ट उंदरांमध्येही असते. उंदराची मादी पिल्लांना चाटते, साफ करते, अंगाखाली घेऊन पाजते. ही माया कशाने आटते आणि ती आटली तर पिल्लांचं काय होतं, यावर शास्त्रज्ञांनी बरीच वर्षे काम केलं आहे. त्यातून जे कळलं, ते घरात गरोदर सून किंवा लेक असलेल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

चाटण्यात असं काय असतं?

कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की सगळ्या माद्या पिल्लांना सारख्या चाटत नाहीत. काही भरपूर चाटतात, काही कमी. ज्यांना भरपूर चाटलं, ती पिल्लं मोठी होऊन कमी भित्री निघाली.

उंदीर भित्रा आहे हे कसं ओळखायचं? त्याला मोठ्या मोकळ्या पेटीत सोडतात. घाबरलेला उंदीर भिंतीची कड सोडत नाही. निर्धास्त उंदीर मधोमध येऊन हुंगत फिरतो.

मग हा गुण रक्तातून येतो की सांभाळण्यातून? 1999 मध्ये या शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या अदलाबदलीचा प्रयोग प्रसिद्ध केला. कमी चाटणाऱ्या मादीची पिल्लं जन्मल्याबरोबर जास्त चाटणाऱ्या मादीखाली ठेवली. ती पिल्लं कमी भित्री झाली. एवढंच नाही, त्यातल्या माद्या पुढे आई झाल्या तेव्हा त्याही आपल्या पिल्लांना भरपूर चाटू लागल्या.

गाभण मादीला ताण दिला तेव्हा

उंदराची मादी साधारण तीन आठवडे गाभण असते. फ्रान्सेस शॅम्पेन आणि मीनी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाभण माद्यांना रोज काही वेळ अरुंद नळीत ठेवलं. इजा केली नाही, नुसतं हलू दिलं नाही.

परिणाम असा झाला, की ज्या माद्या एरवी पिल्लांना भरपूर चाटायच्या, त्यांचंच चाटणं कमी झालं. त्यांची पिल्लंही जास्त भित्री झाली. पुढच्या वेताला कसलाच ताण दिला नव्हता, तरी चाटणं कमीच राहिलं.

अंगात काय घडतं?

ताण आला की शरीरात एक संप्रेरक वाढतं. माणसात त्याला कॉर्टिसॉल म्हणतात, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. थोड्या वेळापुरतं ते उपयोगाचंच असतं, अंगात बळ आणतं. पोटातल्या बाळाकडे जाणारा त्यातला बराच भाग वार अडवते, पण सगळा नाही. ताण मोठा आणि रोजचाच असेल तर हा अडसर कमी पडू शकतो.

दुसरी वाट आईच्या वागण्यातून जाते. दूध उतरायला आणि माया लागायला ऑक्सिटोसिन हे संप्रेरक मदत करतं. ताण दिलेल्या माद्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिनला प्रतिसाद देणाऱ्या जागा कमी झालेल्या दिसल्या.

गोव्यातल्या आयांमध्ये काय दिसलं?

माणूस म्हणजे उंदीर नव्हे. उंदरावरचा प्रयोग जसाच्या तसा बाईला लावता येत नाही. पण गोव्यातला एक अभ्यास पाहण्यासारखा आहे.

डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात 270 गरोदर महिलांना अभ्यासात घेतलं. हा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर 6 ते 8 आठवड्यांनी ज्यांची पुन्हा तपासणी झाली, त्यातल्या 59 जणींना, म्हणजे 23 टक्के महिलांना नैराश्य होतं. त्यातल्या 78 टक्के महिलांना मनाचा त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता.

पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी न पटणं ही मोठी कारणं निघाली. मुलगी झाली, याचाही परिणाम दिसला. 2003 च्या पुढच्या अभ्यासात अशा आयांच्या बाळांचं वजन आणि लांबी सहा महिन्यांनी कमी भरली.

दोष आईचा नाही

‘आईच लक्ष देत नाही’ असं बोलणं सोपं असतं. पण प्रयोगातली मादी स्वतःहून नळीत गेली नव्हती. बाईचंही तसंच आहे. उसाच्या फडात सातव्या-आठव्या महिन्यातही मोळी उचलणारी मजूर बाई, कर्जाचा घोर, नवऱ्याची दारू, ‘यंदा मुलगाच पाहिजे’ हा धोशा, या तिच्या नळ्या आहेत. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या गुणसूत्रावर ठरतं, तरी बोलणी तीच खाते.

दिलासा देणारी बाजूही आहे. कमी माया मिळालेल्या उंदराच्या पिल्लांना पुढे मोठा पिंजरा, सोबती आणि खेळायला वस्तू दिल्या, तेव्हा त्यांचा भित्रेपणा बराच कमी झाला. म्हणजे एकदा झालं ते कायमचं, असं नाही.

घरच्यांनी काय करावं?

- जड ओझं, रात्रीची कामं आणि घरातली भांडणं यातून तिला सोडवावं. झोप आणि वेळेवर जेवण मिळू द्यावं.
- बाळंतपणानंतर सासू, नणंद, नवरा यांनी बाळ थोडा वेळ सांभाळलं, तर आईला विसावा मिळतो.
- दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येणं, झोप उडणं, कशातच मन न लागणं, बाळाला घ्यावंसं न वाटणं, ही लक्षणं ‘नाटक’ म्हणून सोडू नयेत.
- दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. वजन-रक्तदाबासोबत मनाचा त्रासही डॉक्टरांना सांगावा. आशाताईंशीही बोलता येतं.
- मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस सेवा 14416 या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असते. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येत असेल, तर बाईला एकटं सोडू नये आणि लगेच दवाखाना गाठावा.

व्यालेल्या गाईला आडोसा, चारा आणि निवांतपणा द्यावा लागतो, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. घरातल्या पोटुशी बाईलाही तेवढा निवांतपणा मिळाला, तर त्याचा फायदा बाळालाही होतो.