पाहुणचाराची पावती

आमच्या खानदेशात ‘बाग’ म्हटलं की कारंजी, फुलांचे ताटवे आणि बसायला बाक असं काही कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. बाग म्हणजे केळीची बाग. मृगाच्या सुमारास लावली तर मृगबाग, पाऊस ओसरताना लावली तर कांदेबाग. ‘यंदा बाग किती?’ या प्रश्नाचं उत्तर हजार खोडांच्या हिशेबात द्यायचं, आणि त्या उत्तरावर सोयरिकी जमतात, कर्जं मिळतात. म्हणून रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका शेतकरी कुटुंबाने ‘बागेत मुक्कामाची सोय’ केली आहे असं बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मला हसूच आलं. केळीच्या बागेत मुक्काम करतो तो राखणदार, आणि तोही नाइलाजाने.

तरीही गेल्या जानेवारीत आम्ही उभयता दोन रात्री तिथे राहून आलो.

मुक्कामाच्या खोल्या चार. त्यांतल्या दोन पूर्वी खताचं गोदाम होत्या, हे यजमानांनी आपणहून सांगितलं. पावसाळ्यात भिंती अजून ओल धरतात, म्हणाले. आंघोळीचं पाणी बंबातलं. अंगणात जुना आंबा, चिकू, रामफळ, शेवगा, कढीपत्ता आणि झेंडूचे दोन वाफे. त्यापलीकडे वांगी. वांग्यांच्या पलीकडे मात्र नजर पोचेल तिथवर केळी, आणि तिच्या कडेने शेवरी आणि गजराज गवताची दाट भिंत. ही भिंत शोभेची नव्हे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हाच्या झळांनी केळीचं पान चिंध्या चिंध्या होऊन जातं. तो वारा आधी या गवताने अंगावर घ्यायचा. थंडीचंही तसंच. पहाटे जाग आली ती धुराच्या वासाने. बाहेर पाहिलं तर बांधाबांधावर ओला-सुका कचरा पेटवलेला, आणि धूर खोडांच्या उंचीवर तरंगत राहिलेला. गारठ्याने घड अडकू नयेत म्हणून ही शेकोटी. सौ.ला वाटलं, पाहुण्यांसाठी काही खास कार्यक्रम आहे.

सकाळी यजमानांबरोबर बागेतून फिरलो. केळीचं खोड आयुष्यात एकदाच निसवतं, एक घड देतं, आणि मग त्याला कापायचं. तोवर बुंध्याशी पील उभं राहिलेलं असतं. आता रोपं ऊतिसंवर्धनाची, पाणी ठिबकाचं. पण हरण्या रोग आला की नवं-जुनं काही बघत नाही. कोवळ्या पानावर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटून पुरायचं, दुसरा इलाज नाही. यजमानांनी अशीच एक रिकामी जागा दाखवली आणि काही न बोलता पुढे चालू लागले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी इथल्या भरिताच्या वांग्यालाही मिळालं. त्या कागदाने भाव वाढला का, हा प्रश्न मी विचारला आणि लगेच विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

हा मुक्कामाचा व्यवसाय मुळात सुरू झाला तो एका जूनच्या वादळामुळे. कापणीला आलेली बाग एका रात्रीत आडवी झाली. विहीर केव्हाच आटली होती, बोअर खोल खोल चालला होता. या सगळ्या पट्ट्याचीच ही कथा आहे. धाकट्या सुनेने, जळगावच्या कॉलेजातली बी.कॉम., घरात विषय काढला. शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं होतं, बारामतीकडे तर लोक त्याआधी कितीतरी वर्षं हे करत आले होते. सासऱ्यांनी वर्षभर नकार दिला. ‘आपण काय आता खानावळ घालायची?’ एवढंच त्यांचं म्हणणं. आज ते पाहुण्यांशी तासन्‌तास बोलतात, सुकी नदीच्या जुन्या पुरांच्या गोष्टी सांगतात. पण हिशेबाची वही बाहेर आली की त्यांना मोटारीकडे जायचं आठवतं.

(एक तक्रार इथेच नोंदवून ठेवतो. शहरातल्या मुलांना बैलगाडीतून अंगणाभोवती फेऱ्या मारून आणायची काही गरज नाही. तो बैल माझ्याइतकाच कंटाळलेला दिसला.)

दुसऱ्या दिवशी भरीत होतं. पऱ्हाट्यांच्या जाळावर मोठी, फिकट हिरवी वांगी खरपूस भाजली गेली, साल काढून लाकडी पात्रात मुसळीने घोटली गेली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत ज्वारी आणि अख्ख्या उडदाच्या कळण्याची भाकरी, वाढायला केळीचं पान. पंगत बसली, आणि यजमानांच्या आई, वय ऐंशीच्या पुढे, माझ्यासमोर येऊन बसल्या.

“खाय ना भाऊ, लाजू नको. आधी तर बँकेचे साहेब येत, तलाठी येत, ते काही लाजत नव्हते.”

मी घास तसाच धरून विचारलं, “किती जण यायचे, मोठ्या आई?”

“कधी चार, कधी सात. सासरा ओट्यावरून आवाज देई, पाच पानं मांडा. का? कोन? कुठले? कोनी सांगे नाही. म्या बापा हात तेवढा चालवला.”

आता मला सांगणं भाग होतं. १९८८ ते ९१ या काळात मी याच भागातल्या एका शाखेत शेती अधिकारी होतो. पीकपाहणीला मोटारसायकलवरून निघायचं, दोन बागा बघायच्या, तिसऱ्या मळ्यावर जेवण हे ठरलेलं. हे घर माझ्या यादीत नव्हतं, पण असली बरीच होती. मी हे म्हणालो, तशा त्या मनापासून हसल्या. “मंग तू बी खाल्लं असन कोनाच्या घरी!”

खाल्लं होतं. आणि एकाही घरातल्या वाढणाऱ्या बाईचा चेहरा मला आज आठवत नाही. दाराआडून पुढे येणारा, काकणं भरलेला एक हात आठवतो, त्यातली भाकरी आठवते. शेतकऱ्याचं मन किती मोठं, असं मी तेव्हा मित्रांना पत्रांतून लिहीत असे. पुढे एका कादंबरीतही लिहिलं. मन मोठं होतंच. पण चुलीपुढे बसणारं माणूस वेगळं होतं, आणि पाच पानं मांडायची की सात, हे त्याला कुणी विचारत नव्हतं. आमच्या कर्जाच्या अर्जात घरखर्चाचा रकाना असे. स्वयंपाकघर कायम त्या बाजूला पडे. ते उत्पन्नाच्या बाजूला येऊ शकतं, हे तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या डोक्यात आलं नाही.

रात्री सौ. म्हणाली, “एक पाहिलंत का? आपण कोणाचे, हे आपल्याला इथे कुणी विचारलं नाही.” खरं होतं. सुनेने आधारकार्डाचा क्रमांक रजिस्टरात लिहिला, जेवायला किती जण एवढं विचारलं, आणि किल्ली दिली. गावच्या ओट्यावर तो प्रश्न पहिला असायचा, आणि कुणाला पान मिळेल, कुणाला पाणीही मिळणार नाही, हे उत्तरावर ठरायचं. १९२९ साली सरकारी समितीच्या कामासाठी खानदेशात आलेले बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावला उतरले, तेव्हा त्यांना न्यायला टांगेवाला मिळेना. अखेर टांगा मिळाला, पण तो हाकणारा नवखा होता. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचं हाड मोडलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. धुळ्याजवळच्या लळिंगच्या जंगलात लांडोर बंगला आहे. १९३७ साली ते तिथे उतरले होते म्हणून दर ३१ जुलैला अजून माणसं तिथे जमतात. खानदेशच्या पाहुणचाराचे गोडवे गाताना ही दोन ठिकाणं आम्ही बहुधा वगळतो. भाडं घेऊन किल्ली देणारं दार कोरडं असतं, हे मान्य. पण ते सगळ्यांना सारखं उघडतं.

निघण्याच्या दिवशी सुनेने वही काढली. सासरे ठरल्याप्रमाणे मोटारीकडे गेले. वहीत दोन रात्रींचं खोलीभाडं वेगळं, जेवणं वेगळी, नाश्ता वेगळा. जेवणाच्या रकान्याखाली रोज कोण कोण चुलीशी होतं, त्यांची नावं आणि प्रत्येकीचा वाटा. शेजारच्या वस्तीवरच्या दोन बायका भाकरी करायला येतात, त्यांची नावं होती. सर्वांत वर मोठ्या आईचं. त्यांचं खातं आहे, एटीएमचं कार्ड आहे, आणि ते त्या कुणाला देत नाहीत, असं सून हसत म्हणाली. चहा कुठेच मांडलेला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाली, “काका, चहाचं मी दोनदा लिहिलं होतं. मोठ्या आईंनी दोन्हीदा खोडायला लावलं.”

मी मोबाईलवरून पैसे पाठवले. हल्ली दुकानांत असतं तसं आकडा मोठ्याने बोलून दाखवणारं यंत्र यांच्याकडेही आहे, पण ते ओसरीवर कुठे दिसेना. आतून, स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला. मला वाटलं, पाहुण्यांसमोर पैशांचा उच्चार नको म्हणून घरच्यांनी ते आत नेऊन ठेवलं असणार. जुनी रीत, जुना संकोच. तसं मी म्हणालोही.

“नाही काका,” सून म्हणाली, “मोठ्या आईंना ओसरीवरचं ऐकू येत नव्हतं.”

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. मग तो पुन्हा सुरू झाला.