अस्वलाची फाइल

आंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘डान्स ऑफ द हिलरी हा व्हिडिओ उघडू नका, मोबाइल फॉरमॅट होईल’ असा निरोप आला, तर तो नवा समजू नये. खोडी ईमेलच्या जमान्यातली आहे. 1994 साली ‘गुड टाइम्स’ नावाच्या मेलची अशीच हूल उठली होती. तसा व्हायरस नव्हताच.

2002 मधली हूल त्याहून बेरकी. ‘कॉम्प्युटरमध्ये जेडीबीजीएमजीआर नावाची फाइल शोधा, अस्वलाचं चित्र दिसलं की डिलीट करा, अँटीव्हायरसला ती सापडत नाही.’ लोक शोधत, अस्वल खरोखरच दिसे आणि घाबरून फाइल उडवली जाई. ती होती विंडोजचीच, जावाच्या कामाची. म्हणजे व्हायरसचं काम मालकानेच करायचं! फाइल फारशी गरजेची नव्हती, हे नशीब.

अशा निरोपात तारीख नसते, ‘आजच’ असतं. बड्या कंपनीचं नाव असतं, तिच्या वेबसाइटची लिंक नसते. शेवटी ‘सगळ्यांना पाठवा’. तिथे माझा तरी विश्वास उडतो. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या इशाऱ्यात कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, उपाय काय, हे सगळं लिहिलेलं असतं.

लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल मात्र खरंच उघडू नये. तिच्यामुळे खात्यातले पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.