मुलींच्या टेनिस प्रशिक्षकामागे कोण उभे असते?

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरसारख्या गावात एखाद्या शाळेतल्या सरांनी किंवा मॅडमनी मुलींना टेनिस शिकवायला घेतले, तर त्यांनी स्वतः शिकायचे कुठे, अडले तर विचारायचे कुणाला आणि त्यांच्या वागण्यावर लक्ष ठेवायचे कुणी? जागतिक महिला टेनिसने या तिन्ही प्रश्नांसाठी एक व्यवस्था उभी केली आहे. ती समजून घेतली की आपल्याकडे काय आहे आणि काय जुळवून घ्यावे लागते, ते कळते.

डब्ल्यूटीए काय करते?

विमेन्स टेनिस असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूटीए, ही व्यावसायिक महिला खेळाडूंची संघटना अमेरिकी टेनिसपटू बिली जीन किंग यांच्या पुढाकाराने जून १९७३ मध्ये लंडनला स्थापन झाली. प्रश्न खेळाडूंच्या मानधनाचा आणि हक्कांचा होता. पुढे संघटनेने प्रशिक्षकांसाठीही स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. त्यात सदस्य व्हायचे तर प्रशिक्षणाची पात्रता दाखवावी लागते, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि खेळाडूंच्या सुरक्षिततेचे शिक्षण घ्यावे लागते. स्त्री प्रशिक्षकांची संख्या वाढावी म्हणून वेगळा उपक्रमही आहे. २०१८ पासून वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाला पुरस्कार मिळतो. पहिला मान नाओमी ओसाकाचे प्रशिक्षक साशा बाजिन यांना मिळाला, तर २०२१ चा कोंचिता मार्टिनेझ यांना.

सामना चालू असताना बोलावे की नाही?

टेनिसमध्ये सामना सुरू झाला की प्रशिक्षकाने गप्प बसायचे, हा जुना दंडक. डब्ल्यूटीएने २००९ पासून आपल्या स्पर्धांत प्रत्येक सेटमध्ये एकदा प्रशिक्षकाला कोर्टवर बोलावण्याची मुभा दिली. २०२० मध्ये प्रेक्षकांतल्या जागेवरून सल्ला देण्याचा प्रयोग झाला. अखेर १ जानेवारी २०२५ पासून टेनिसच्या मूळ नियमांतच अशा सल्ल्याला मान्यता मिळाली. चोरून केलेल्या खाणाखुणांना दंड होत असे, त्या जागी आता उघड संवाद आला आहे.

वयाचा नियम कशासाठी?

अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये, वयाच्या अवघ्या १३ व्या वर्षी व्यावसायिक खेळात उतरली. नंतरच्या ताणाने तिची कारकीर्द काही काळ विस्कटली. १९९५ पासून डब्ल्यूटीएने १४ वर्षांखालील मुलींना व्यावसायिक स्पर्धा बंद केल्या आणि १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत वर्षातल्या स्पर्धांची संख्या मर्यादित केली. प्रशिक्षकालाही याचा आधार आहे. ‘अजून स्पर्धा का नाही खेळवत?’ असा धोशा लावणाऱ्या पालकांना तो नियम दाखवू शकतो.

महाराष्ट्रातले चित्र

मुंबईच्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. तिथे जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांच्या आई, संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव, याही टेनिसपटू. त्या काळी खेळाची शिदोरी अशी घरातूनच मिळे. आज ती क्लबातून आणि अकादमीतून मिळते. मूळची अहमदाबादची अंकिता रैना पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली घडली आणि तिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचे कांस्य मिळवले. पुण्याच्याच ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. २०२४ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर डब्ल्यूटीएची ‘१२५’ दर्जाची, म्हणजे मुख्य मालिकेच्या खालच्या पायरीची, स्पर्धाही झाली.

राज्यात महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना आणि देशात अखिल भारतीय टेनिस संघटना स्पर्धांचा कारभार पाहतात. प्रशिक्षकांसाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम आहेत, शिवाय पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आहे. प्रशिक्षकांना दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार टेनिसमध्ये पहिल्यांदा आला तो २०२० मध्ये, जीवनगौरवाच्या रूपाने, नरेश कुमार यांच्याकडे. म्हणजे पात्रतेची सोय आहे, पण मुलींना शिकवणाऱ्यांची तपासणी, शिक्षण आणि मान एका छत्राखाली मिळत नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे

२०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा हीदेखील ‘कामाची जागा’ मानली आहे. १८ वर्षांखालील मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा, कायदा आहे. गुन्हा घडल्याचे कळले तर तो पोलिसांकडे नोंदवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. प्रशिक्षक, मुख्याध्यापक, कुणीही त्यातून सुटत नाही.

वेळणेश्वरहून सुरुवात कशी करावी?

पूर्ण कोर्ट बांधण्याची वाट पाहू नये. लहान मुलांसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाने हळू उसळणारे चेंडू ठरवले आहेत. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के संथ, केशरी ५० आणि हिरवा २५ टक्के. २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत हेच चेंडू सक्तीचे आहेत. लाल चेंडूसाठी सुमारे ११ मीटर लांबीची जागा पुरते. शाळेच्या सिमेंटच्या अंगणात खडूने रेषा आखून, बॅडमिंटनचे जाळे खाली ओढूनही काम भागते. कोकणातल्या पावसाळ्यात मातीचे कोर्ट महिनोन्‌महिने बंद राहते, तेव्हा छपराखाली आखलेली अशी जागा जास्त उपयोगाची.

पालकांसाठी तीन प्रश्न

मुलीला कुठेही पाठवण्याआधी विचारा: सरांकडे किंवा मॅडमकडे कोणते प्रमाणपत्र आहे? सराव उघड्यावर, चारचौघांसमोर होतो ना? तक्रार करायची तर कुणाकडे करायची, ते लिहून लावले आहे का? जागतिक संघटना प्रशिक्षकाकडून जे मागते, त्यातले निम्मे या तीन उत्तरांत आहे. उरलेले निम्मे राज्य संघटनेकडे मागावे. मुलींना शिकवणाऱ्यांची नोंदणी, सुरक्षिततेचे प्रशिक्षण आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान एक स्त्री प्रशिक्षक या मागण्यांना फार खर्च नाही, त्यांना पाठपुरावा मात्र हवा.