गोल सुई कशी निवडावी?

आम्ही नाशिकच्या अंबडमधल्या बचत गटातल्या बायका. दिवाळी सरली आणि निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की आमच्या घरोघरी लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. टोप्या, मफलर, बाळाचे स्वेटर यांना मागणी येते. आज आम्ही गोल सुईबद्दल बोलणार आहोत. ती कुठल्या मापाची, किती लांबीची आणि कशाची घ्यावी, अखंड घ्यावी की सुटी जोडायची घ्यावी, हे सांगणार आहोत. यातलं बरंचसं आम्हाला दहा टोप्या उसवल्यावर कळलं, म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

एका हिवाळ्यात आम्हाला बालवाडीच्या मुलांसाठी 60 टोप्या विणायचं काम मिळालं. आम्ही सहा जणी, प्रत्येकीला दहा टोप्या. लोकर एकच, नमुना एकच, 96 टाके घालायचे, आणि सुई 8 नंबरची. टोप्या गोळा केल्या तेव्हा पाच जणींच्या सारख्या, पण एकीच्या दहाही टोप्या मोठ्या. मुलाच्या डोक्यावर घातली की थेट डोळ्यांवर यायची. आम्ही सगळ्यांनी तिलाच बोल लावला. "तुझा हात सैल आहे, टाका ओढून घेत नाहीस." ती बिचारी म्हणत राहिली की नेहमीसारखंच विणलंय. पण सुईवर 8 लिहिलेलं होतं, त्यामुळे तिचं कुणी ऐकलं नाही.

तिचा मुलगा अंबडच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. त्याने दोन्ही सुया नेल्या आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजल्या. आमची सुई निघाली 4 मिलिमीटर, तिची 5 मिलिमीटर. तिची सुई भाचीने अमेरिकेहून आणलेली होती. हात सैल नव्हता, आकड्यानेच घात केला होता.

हा घोळ समजून घेऊ. आपल्याकडच्या सुयांचे जुने नंबर इंग्रजी पद्धतीचे आहेत. ते तारेच्या गेजवरून आले. कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, 22 गेजचा पत्रा 18 गेजपेक्षा पातळ असतो. तार एकेका छिद्रातून ओढत बारीक करतात. जितक्या जास्त वेळा ओढली तितका आकडा मोठा आणि तार बारीक. सुयांचंही तसंच. 10 नंबरची सुई 3.25 मिलिमीटर, 8 नंबरची 4 मिलिमीटर, 6 नंबरची 5 मिलिमीटर. अमेरिकेत उलट चालतं, आकडा वाढला की सुई जाड होते. तिथली 6 नंबरची सुई 4 मिलिमीटर असते आणि 8 नंबरची 5 मिलिमीटर.

एका मिलिमीटरने काय होतं? आमच्या लोकरीत 4 मिलिमीटरच्या सुईवर 10 सेंटिमीटरमध्ये, म्हणजे साधारण 4 इंचात, 22 टाके बसले. त्या हिशेबाने 96 टाक्यांचा घेर 44 सेंटिमीटर झाला. विणलेली टोपी ताणते, म्हणून ती मुलाला नीट बसली. 5 मिलिमीटरच्या सुईवर तेवढ्याच जागेत 18 टाके बसले आणि घेर 53 सेंटिमीटर झाला. नऊ सेंटिमीटरचा फरक! म्हणून मैत्रिणींनो, सुई घेताना नंबर विचारू नका, मिलिमीटर विचारा. गुंड्याच्या वेष्टनावरही बहुधा सुईचं माप मिलिमीटरमध्ये असतं. ढोबळ मानाने बाळाच्या बारीक लोकरीला 3 ते 3.25, मध्यम लोकरीला 4, जाड लोकरीला 5 ते 5.5 मिलिमीटर. मग आपल्या हाताने एक चौकोन विणून टाके मोजा आणि जरूर तर सुई बदला.

आकडा पुसला गेला असेल तर? त्या मुलाने आम्हाला ॲल्युमिनियमची एक पट्टी करून दिली. ड्रिलने 3, 3.5, 4, 4.5 आणि 5 मिलिमीटरची भोकं पाडली आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. ज्या सर्वांत लहान भोकातून सुई सहज जाते, ते तिचं माप. आता गटाचं काम वाटताना प्रत्येकीची सुई आधी या पट्टीतून जाते.

आता खुद्द गोल सुईकडे वळू. दोन आखूड काड्या आणि मधे त्यांना जोडणारी लवचीक नळी किंवा तार, अशी ही सुई. दुकानात सर्क्युलर म्हणून मागा. टोपीसारखं गोल काम हिच्यावर बिनशिवणीचं होतं. पण सपाट कामालाही ती चालते. दोन सुयांवर विणतो तसंच ओळ संपली की काम फिरवायचं आणि परत यायचं. लांब सरळ सुईवर शालीचं सगळं वजन सुईच्या टोकांना लटकतं आणि मनगटावर येतं. गोल सुईवर तेच वजन मांडीत विसावतं. आमच्यातल्या ज्यांची मनगटं दुखायची, त्यांनी सरळ सुया ठेवून दिल्या त्या याच कारणाने. शिवाय एसटीत शेजारच्या बाईला कोपर लागत नाही आणि एक सुई सीटखाली हरवत नाही.

लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजतात, काड्या धरून. नियम सोपा आहे. गोल विणायचं तर सुई कामाच्या घेरापेक्षा थोडी आखूड हवी. जास्त टाके सुईवर दाटीने बसतात, पण कमी टाके लांब सुईवर ताणून पुरवता येत नाहीत. टोपीला 40 सेंटिमीटर, लहान मुलाच्या स्वेटरला 60, मोठ्या माणसाच्या स्वेटरला 80 आणि सपाट शालीला 80 ते 100. टोपीच्या शेंड्याकडे टाके कमी होतात तेव्हा 40 ची सुईही लांब पडते. तिथे मोज्यांच्या चार-पाच सुया घ्या, नाहीतर 80 किंवा 100 सेंटिमीटरची सुई घेऊन मधली तार टाक्यांमधून फासासारखी बाहेर ओढून विणा.

पहिली फेरी जोडताना एक काळजी घ्या. सगळ्या टाक्यांची खालची कड एकाच बाजूला आहे ना, ते बोटाने चाचपून पाहा. एक पीळ राहिला तर उसवण्यावाचून इलाज नाही. आणि फेरी कुठे सुरू झाली तिथे वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा.

सुई कशाची घ्यावी? इथे लोकर आणि हात दोघांना विचारावं लागतं. ॲल्युमिनियमची सुई हलकी आणि स्वस्त, रोजच्या अॅक्रिलिक लोकरीला चांगली. मात्र वरचा थर झिजला की पांढऱ्या लोकरीवर काळपट छटा उतरते. स्टीलची किंवा निकेलचा मुलामा दिलेली पितळी सुई फार गुळगुळीत. सरावलेल्या हाताला तिच्यावर वेग येतो, पण नवशिकीचे टाके घसरून पडतात. जाड मापात ती जड लागते आणि पहाटेच्या थंडीत बोटांना गार लागते. खोट्या कानातल्यांनी जिचे कान चिघळतात, तिने निकेलची सुई टाळावी.

बांबूची सुई हलकी असते, हाताला ऊबदार लागते आणि टाका धरून ठेवते. शिकणाऱ्या मुलींना आम्ही हीच देतो. रेशीम किंवा गुळगुळीत सुती धागा विणतानाही हीच बरी. बारीक मापात ती मोडते, आणि कधी बारीक कुसळ निघून धाग्यात अडकतं. तेव्हा अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा आणि कापडाने पुसा. लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेल्या सुया बांबूपेक्षा गुळगुळीत आणि धातूपेक्षा कमी निसरड्या, किंमत मात्र जास्त. प्लास्टिकची सुई जाड मापात उपयोगी पडते, कारण धातूची तेवढी जाड सुई पेलवत नाही. बारीक मापात ती वाकते, आणि उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर वाकडी होते.

टोकही पाहा. बारीक लोकर आणि जाळीच्या नमुन्याला टोकदार सुई हवी. ज्या धाग्याचे पदर सुटतात त्याला थोडी बोथट सुई बरी, नाहीतर टोक पदरांत घुसतं.

पण सुई कशाचीही असो, तिचा खरा कस लागतो तो काडी आणि तार जिथे जुळतात तिथे. तिथे बारीकसा उंचवटा असला तर प्रत्येक टाका अडतो. एका फेरीत 96 टाके, म्हणजे 96 वेळा ढकलणं. त्यानेच अंगठा दुखतो. दुकानात जाताना आपली लोकर सोबत न्या आणि तिचा पदर जोडावरून दोन्ही बाजूंनी ओढून पाहा. अडकला तर ती सुई घेऊ नका. नुसतं नख फिरवलं तरी कळतं. तार मऊ हवी. वेटोळं सोडल्यावर फार पीळ राहत असेल तर घरी तार तेवढी मिनिटभर गरम पाण्यात धरा आणि सरळ करून गार होऊ द्या. लाकडी काड्या आणि जोड पाण्याबाहेर ठेवा.

शेवटचा प्रश्न अखंड की सुटी. अखंड सुईत काड्या आणि तार कायमच्या जोडलेल्या असतात. सुट्या संचात काड्या तारेला आटे फिरवून लावतात, म्हणजे थोड्या तारांवर अनेक मापं होतात. आटे सैल झाले तर फट पडते, धागा अडकतो आणि काडी निसटली तर टाके पळतात. म्हणून संचासोबतची छोटी किल्ली घालून आटे घट्ट करा आणि रोज काम सुरू करताना एकदा तपासा. एका कंपनीची काडी दुसरीच्या तारेला बसेलच असं नाही. आणि नेहमीच्या लांब काड्या लावून 40 सेंटिमीटरची टोपीची सुई होत नाही, तिला वेगळ्या आखूड काड्या लागतात. पोनी आणि निटप्रो या आपल्याच देशातल्या कंपन्या गोल सुया बनवतात, त्यामुळे परदेशी मालाची वाट पाहायची गरज नाही.

पहिल्यांदाच घेत असाल तर संचात पैसे अडकवू नका. 4 मिलिमीटरची 80 सेंटिमीटरची एक अखंड सुई घ्या. तिच्यावर शाल, मफलर आणि बाळाच्या स्वेटरचे भाग सपाट विणता येतात. टोप्यांचं काम आलं की 40 सेंटिमीटरची घ्या. सुटा संच गटाने मिळून घ्यावा आणि कुणाकडे काय गेलं ते वहीत लिहावं.

त्या दहा टोप्यांचं काय झालं? आम्ही सहाही जणींनी बसून त्या उसवल्या. लोकरीच्या लडी करून, धुऊन, वाळवून पुन्हा विणल्या. आठ रात्री गेल्या आणि टोप्या उशिरा पोचल्या. जिला बोल लावला होता तिची आम्ही माफी मागितली. मापाची पट्टी आता तिच्याकडेच असते, आणि काम वाटताना पहिला शब्द तिचा असतो. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी एखादीचं विणकाम वेगळं दिसलं तर तिच्या हाताला नाव ठेवण्याआधी तिची सुई मोजा.