सरपणातले धनुष्य

उमरेडच्या आसपास एखादे जुने कवेलूचे घर पाडले, की लाकडाचे दोन ढीग होतात. पहिल्यात सागवानाच्या मयाली, खांब आणि दारांच्या चौकटी. त्याला लगेच गिऱ्हाईक मिळते. दुसऱ्यात गोठ्यातले सामान: मोडक्या बंडीच्या धुऱ्या, कावडीचा दांडा, वखराची दांडी, अवजारांच्या मुठी. हा ढीग चुलीकडे जातो. जुन्या लाकडातून पुरुषभर उंचीचे धनुष्य घडवायचे असेल, तर शोध मात्र या दुसऱ्या ढिगापासून सुरू करावा लागतो.

धनुष्य लाकडाकडे एकच गोष्ट मागते: वाकावे आणि पूर्ववत व्हावे, तेही हजारो वेळा. दोरी ओढली की लक्ष्याकडची बाजू ताणली जाते. ती धनुष्याची पाठ. तिरंदाजाकडची बाजू दाबली जाते, ते पोट. पाठीच्या तंतूंना ताण सोसला नाही, तर धनुष्य फटकन तुटते. पोटाला दाब सोसला नाही, तर ते वाकडेच राहते आणि त्याचा जोर जातो. सागवानाची थोरवी वेगळी आहे. त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही. ऊन-पावसात ते फारसे फुगत-आकसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका जागी स्थिर उभे राहणे हे त्याचे काम. वाकून उसळणे हे नव्हे.

तो गुण धामणीत आहे. पानझडी जंगलातल्या या झाडाचे शास्त्रीय नाव ग्रेविया टिलिइफोलिया. संस्कृतात त्याला ‘धन्वन’ म्हणतात. धनुष्याशी असलेले नाते नावातच दिसते. गाडीच्या धुऱ्या, होडीची वल्ही, अवजारांचे दांडे आणि कावड यांसाठी हे लाकूड वापरले जाई. कावडीचा दांडा ताठ असेल, तर प्रत्येक पावलाचा हिसका खांद्याला बसतो. दांडा लवणारा असेल, तर तो हिसका स्वतःत जिरवतो. धुरीचेही तसेच. बंडी खाचखळग्यातून जाते तेव्हा धुरी थोडी लवते आणि पुन्हा सरळ होते. म्हणजे गाडी करणारा वाढई आणि धनुष्य करणारा कारागीर लाकडाकडे एकच मागणी करत होते. कुऱ्हाडीच्या दांड्याला लागणारा चिवट धावडाही याच कुळीचा म्हणावा. गुणाने, वंशाने नव्हे.

असे लांब धनुष्य परके समजण्याचे कारण नाही. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख नेआर्कस याच्या वृत्तान्ताच्या आधारे आरियनने भारतीय पायदळाचे वर्णन केले आहे. त्यात सैनिकाच्याच उंचीचे धनुष्य आहे. त्याचे एक टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून बाण सोडला जाई. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत. इंग्लंडचे प्रसिद्ध लांब धनुष्य ‘यू’ या झाडाचे. ‘मेरी रोझ’ हे १५४५ साली बुडालेले युद्धजहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यात १३७ अखंड धनुष्ये सापडली. सरासरी लांबी जवळजवळ दोन मीटर. यूचे बाहेरचे पांढरे रसकाष्ठ ताण सोसते, आतले तांबूस अंतःकाष्ठ दाब सोसते. एकाच फांदीत पाठ आणि पोट तयार मिळते. म्हणून ते धनुष्य अरुंद आणि जाड करता आले. आपल्याकडच्या लाकडाला तसे करू नये. मुठीच्या वर-खाली दीड-दोन इंच रुंद, टोकांना अर्धा इंच आणि अंगाने चपटे ठेवले, तर ताण अधिक तंतूंत वाटला जातो.

आता ढिगातून लाकूड कसे निवडावे? सहा फूट लांबीचा, गाठ नसलेला तुकडा हवा. पण त्याहून महत्त्वाची तंतूंची दिशा. वरून सरळ दिसणारी फळी आतून तिरपी असू शकते, कारण करवत लाकडाचे ऐकत नाही. तंतू मध्येच कापला गेला, की पाठ तिथूनच उकलते. यावर साधा उपाय आहे. पृष्ठभाग गुळगुळीत करून शाईचा एक थेंब टाकावा. शाई तंतूंच्या वाटेने पसरते आणि लाकूड कुठे निघाले आहे ते दाखवते. वासल्याने तासलेल्या अख्ख्या दांड्यात तंतू बहुधा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. हे दुसऱ्या ढिगाचे आणखी एक बळ. घराच्या मयालीत खिळे आणि सांध्यांची भोके ठायीठायी असतात. भुंग्याचे छिद्र, आडवी चीर किंवा कुजका भाग दिसला, तर तुकडा बाजूला ठेवावा. प्रत्येक धुरी धामणीचीच असते असेही नाही. ज्याला जे मिळे ते तो वापरी. म्हणून नावापेक्षा शाईवर विश्वास ठेवावा.

घडवणे म्हणजे इथे काढून टाकणे. रुंदी निम्मी केली, तर ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली, तर आठवा हिस्सा उरतो. जाडी नुसती १० टक्क्यांनी घटली, तरी ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी जातो. म्हणून रंध्यानंतर कानस येते आणि शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडणे. धनुष्याची मूठ एका उभ्या खांबावर टेकवायची, सैल दोरी कप्पीवरून खाली ओढायची आणि दूर उभे राहून दोन्ही भुजांची वाक पाहायची. आधी बोटभर, मग चार बोटे. जिथे लाकूड वाकत नाही, तिथे पोटाकडून खरवडायचे. जिथे फार वाकते, तिथे हात लावायचा नाही. पाठ तर शेवटपर्यंत अस्पर्श. बाण न लावता ओढलेली दोरी सोडायची नाही. मग सगळा जोर लाकडालाच बसतो.

तंतूंविषयी शंका असेल, तर पाठीला पक्क्या बांबूची पातळ पट्टी सरसाने चिकटवतात. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात, म्हणून साल बाहेर ठेवायची आणि ती तासायची नाही. भिलांच्या तीरकमठ्यात तर दोरीही बांबूच्या पट्टीची असते. कौटिल्यानेही दोरीच्या द्रव्यांत सण आणि रुईबरोबर बांबू दिला आहे. सणाची दोरी वळताना सगळे पदर सारख्या ताणाचे हवेत. नाहीतर एकेक पदर एकट्याने भार घेतो आणि तुटतो. रेशीमकाठी धोतरे विणणाऱ्या उमरेडच्या कोष्ट्यांना हे सांगायची गरज पडली नसती. मागावरचा ताणाही याच नियमाने चालतो.

ऋतूही पाहावा लागतो. वैशाखाच्या उन्हात लाकूड इतके कोरडे पडते, की तडकते. श्रावणात ते ओल धरते आणि वाकडे राहते. दिवाळीनंतरची थंडी या कामाला बरी.

जुनेच लाकूड का, याचे उत्तर उमरेडच्या वेशीवर आहे. २०१२ मध्ये घोषित झालेले उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य इथून जवळ. जंगलातली धामण तोडता येत नाही आणि तोडूही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दात धनुष्यबाणाचाही समावेश केला आहे. लेखी परवानगीशिवाय ते घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. आजच्या धनुष्याचे लक्ष्य गवताचा भाराच असले पाहिजे.

राहते ते लाकूड, जे कधीच तोडून झाले आहे. बंडीची जागा ट्रॅक्टरने घेतली, दांडे लोखंडी झाले. कोणते लाकूड लवते, कोणते भार धरते आणि कोणते पाण्यात टिकते, हे ज्ञान वाढयाच्या हातात होते. ते पुस्तकात फारसे उतरलेच नाही. त्याचा उरलेला लेखी पुरावा म्हणजे तो दुसरा ढीग. प्रत्येक धुरीत कुणीतरी केलेली निवड आहे. ती चुलीत घालण्यापूर्वी एक हात रंधा मारून पाहावा. शाईच्या थेंबाला वाट सापडायला फार वेळ लागत नाही.