एकोणसत्तरची कॅमारो आणि दोन इंजिनं

डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरात, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूपासून थोडं आत, एका मशिन शॉपमध्ये १९६९ची शेव्हरले कॅमारो बॉनेट काढून उभी होती. पुढे इंजिनाच्या जागी नुसती पोकळी. शेजारच्या दोन स्टँडवर दोन इंजिनं होती. एक ३५० घनइंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं, ओतीव लोखंडाचं आणि शेव्हरलेच्या ठरलेल्या नारिंगी रंगाचं; डोक्यावर चार तोंडांचा होली कार्बोरेटर. दुसरं ६.२ लिटरचं, अ‍ॅल्युमिनियमचं, २००८ सालापासून कॉर्व्हेटमध्ये येऊ लागलेलं एलएस-३. गाडी एक आणि इंजिनं दोन. मालकाचं काही ठरत नव्हतं.

संपादकांना वाहन विशेषांकासाठी अमेरिकन मसल कारवर लेख हवा होता. या भागातल्या मोटार कंपन्यांत मराठी इंजिनीयर बरेच आहेत. त्यातलाच एक मित्र मला इथे घेऊन आला. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे जुळवणं हे त्याचं रोजचं काम. सगळ्या गाड्या सोडून ही बिनइंजिनाची गाडी त्याने का दाखवली, ते थोड्याच वेळात कळलं. जुनं इंजिन की नवं, हा वाद इथे घराघरांत चालतो आणि लोक तो मनावर घेतात.

मसल कारची कुंडली थोडक्यात अशी. १९६४ साली पाँटिअ‍ॅकच्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेंपेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची इंजिन बसवलं आणि जीटीओ बाजारात आणली. मध्यम गाडीत ३३० घनइंचांवरचं इंजिन घालू नये, असा पाँटिअ‍ॅकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, नियम होता. जीटीओ हा सुट्या साहित्याचा संच आहे, नवं मॉडेल नव्हे, अशी त्यातून पळवाट काढली गेली. पुढची सहा वर्षं सगळ्या कंपन्यांत चढाओढ लागली. शेव्हरलेच्या १९७०च्या शेव्हेल गाडीमध्ये ४५४ घनइंची, ४५० अश्वशक्तीचं इंजिन मिळत होतं. मग विम्याचे हप्ते वाढले, १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा आला, बिनशिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवावं लागलं आणि १९७३च्या तेलसंकटाने उरलंसुरलं संपवलं. या वुडवर्डवर त्या काळी रात्री शर्यती लागायच्या. आता १९९५पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्याच रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी रांग निघते.

या शॉपचा मिस्त्री सत्तरीच्या पुढचा आहे. ब्लॉक बोअर करणं, क्रँक घासणं, हेड प्लेन करणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग मशिनवर घेताना तो एका जागी कटर थांबवतो. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट पट्टी असते. इंजिनाचा संकेत आणि गाडीच्या क्रमांकाचा भाग कारखान्यात तिथेच ठोकलेला असतो. कटर सरळ पुढे नेला तर अंक जातात आणि कारखान्यातल्या मशिनने पडलेल्या बारीक रेघाही जातात. अंक नव्याने ठोकून खोटं 'मूळ' इंजिन तयार करणारे लोक आहेत, आणि त्यांना पकडायचं ते या रेघांवरून. त्यामुळे ती पट्टी वाचवायला तो एकाच ब्लॉकवर दुप्पट वेळ घालवतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

१९६९च्या कॅमारोत या पट्टीला फारच महत्त्व आहे. त्या वर्षीच्या २ लाख ४३ हजारांच्या आसपास गाड्यांत गाडीचा क्रमांक फक्त सहा सिलिंडर की आठ, एवढंच सांगतो. कोणती व्ही-एट आहे, गाडी एसएस प्रकारातली की झेड-२८ प्रकारातली, हे क्रमांकावरून कळत नाही. पुरावा द्यायचा तो इंजिनाने आणि जुन्या कागदांनी. आमच्यासमोरच्या नारिंगी इंजिनाची पट्टी त्याने चिंधीने पुसली आणि वाचून दाखवली. संकेत निघाला सत्तरच्या दशकातल्या ट्रकचा. या गाडीचं जन्माचं इंजिन केव्हाच, कुणीतरी काढून टाकलं होतं. मालक ज्याला 'परंपरा' म्हणत होता ते इंजिनही या गाडीत पाहुणंच होतं.

एवढं कळल्यावरही नारिंगी इंजिनाचं मोल माझ्या लेखी कमी झालं नाही. त्याचं घराणं फार थोर आहे. एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार झालेली शेव्हरलेची 'स्मॉल ब्लॉक' व्ही-एट १९५५च्या मॉडेलांत २६५ घनइंचांची म्हणून आली. तिचे रॉकर ओतलेले नव्हते, पत्र्यातून दाबून काढलेले होते. वजन हलकं, खर्च कमी. पुढे २८३, ३२७, ३५० असे आकार वाढत गेले, पण सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर ४.४ इंचच राहिलं आणि कितीतरी भाग एकमेकांत बसत राहिले. झेड-२८चं गाजलेलं ३०२ घनइंची इंजिन असंच जुळवलेलं आहे. बोअर ३२७चा, क्रँकचा स्ट्रोक २८३चा, कारण शर्यतीची मर्यादा ३०५ घनइंच होती.

मिस्त्रीने होली उलगडून दाखवला आणि माझा बराच वेळ तिथेच गेला. आपल्याकडे १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला; पण चोक ओढून स्कूटर सुरू केलेली पिढी अजून चालती-बोलती आहे. तिला हे यंत्र परकं वाटणार नाही. आत कुठेही वीज नाही. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा दाब पडतो आणि तो पडलेला दाब जेटमधून पेट्रोल वर ओढतो. हे समजायला सोपं आहे. अवघड भाग पुढे आहे. तुम्ही पाय एकदम दाबला की हवा तत्काळ धावते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. त्या क्षणी इंजिन उपाशी पडतं, गाडी अडखळते. म्हणून होलीच्या अंगाला एक छोटा पंप आहे. लिव्हर हलला की रबरी पडदा दाबला जातो आणि पेट्रोलची बारीक धार थेट गळ्यात पडते. ती केव्हा सुरू व्हावी आणि किती वेळ टिकावी, हे ठरवणारा प्लास्टिकचा कॅम नखाएवढा असतो आणि रंगावरून ओळखला जातो. मिस्त्रीकडे डबीभर रंगीत कॅम आहेत. तो एक बसवतो, गाडी रस्त्यावर नेतो, पाय दाबतो, परत येतो, दुसरा बसवतो. पेट्रोलची पातळी बघायची तर कार्बोरेटरच्या टाकीच्या बाजूचा छोटा स्क्रू काढायचा. पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला नुसतं टेकलेलं दिसलं पाहिजे. जास्त ओलावा, कमी ओलावा, कोरडं जळणं हे तो प्लगच्या रंगावरून आणि सायलेन्सरच्या वासावरून सांगतो. माझा मित्र हेच काम लॅपटॉपवर करतो. तो मिस्त्रीच्या मागे शांत उभा राहून बघत होता.

मित्राचं म्हणणं मात्र स्पष्ट होतं, आणि आकडे त्याच्या बाजूने आहेत. १९६९च्या कॅमारो एसएसमधलं ३५० कागदावर ३०० अश्वशक्तीचं. पण तेव्हाची मोजणी पंखा, अल्टरनेटर, एअर क्लीनर, सायलेन्सर सगळं उतरवून होत असे. सगळं लावून मोजायची पद्धत १९७२च्या मॉडेलांपासून रूढ झाली आणि आकडे एका झटक्यात खाली आले. नव्या पद्धतीने मोजूनही एलएस घराण्यातल्या १९९७च्या एलएस-१ची शक्ती ३४५ भरते आणि एलएस-३ची ४३०. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने पुढच्या चाकांवरचा भार घटतो आणि गाडी वळणात चांगली जाते. डिस्ट्रिब्युटर नाही, पॉइंट नाहीत. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं कॉइल. थंडीत एका चावीत सुरू, डोंगरावर नेलं तरी मिश्रण आपोआप दुरुस्त.

गंमत अशी की ते इंजिन खोललं तर आत १९५५चाच आराखडा सापडतो. व्हीच्या पोटात एकच कॅमशाफ्ट, पुशरॉड, सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आणि तेच ४.४ इंचांचं अंतर. जपानी आणि जर्मन कंपन्या डोक्यावर दोन-दोन कॅम चढवत असताना या लोकांनी जुनी मांडणी धरून ठेवली, कारण तिने इंजिन बुटकं आणि आटोपशीर राहतं. म्हणूनच ते कॅमारोच्या पोकळीत मावतं. ही दोन इंजिनं एकाच घरातली आहेत, हे वाद घालणारे विसरतात.

जुन्या इंजिनाची सगळ्यात मोठी अडचण कार्बोरेटर नव्हे, कॅमशाफ्ट आहे. यात टॅपेट सपाट असतो, रोलर नसतो. सपाट म्हणायचा, पण त्याचा तळ किंचित फुगीर आणि कॅमचं टोक किंचित तिरपं घासलेलं असतं, जेणेकरून टॅपेट दर फेरीला थोडा फिरेल. फिरणं थांबलं की टोक झिजतं आणि लोखंडाचा चुरा तेलातून साऱ्या बेअरिंगांत जातो. हे घासणं सोसायला तेलात जस्त आणि फॉस्फरसचं संयुग लागतं. त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो म्हणून नव्या गाड्यांच्या तेलात त्याचं प्रमाण कमी केलं गेलं. दुकानात सहज मिळणारं आजचं उत्तम तेल या इंजिनाला चालत नाही. नवा कॅम बसवल्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की ते मंद चालू द्यायचं नाही. वीसेक मिनिटं २००० फेऱ्यांच्या वर ठेवायचं, म्हणजे टॅपेटला तेल पोचतं. त्यासाठी आधी टायमिंग अचूक हवं, पेट्रोल-पाणी भरलेलं हवं, पहिल्याच चावीत इंजिन घ्यायला हवं. मिस्त्री त्या वेळी दुकानात कुणाला बोलू देत नाही. एक हात डिस्ट्रिब्युटरवर, कान व्हॉल्व्ह कव्हरजवळ. शेव्हरलेने स्वतः १९८७मध्ये या इंजिनात रोलर टॅपेट आणले. जुन्या ब्लॉकलाही ते बसवता येतात, आणि पैसे असतील तर तोच शहाणपणा आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पडदे खराब होतात, तेही बदलून घ्यावे लागतात.

नव्या इंजिनाच्या अडचणी इंजिनात नसतात, त्याच्या भोवती असतात. तेलाचं चेंबर गाडीच्या आडव्या पट्टीला अडतं, म्हणून वेगळं चेंबर. माउंटिंग जुळत नाही, म्हणून मधल्या प्लेटा. एसीचा कॉम्प्रेसर चॅसिसला भिडतो, म्हणून नवे ब्रॅकेट. जुना पंप ५ ते ७ पीएसआय दाबाने पेट्रोल देतो. एलएसला ५८ लागतात, म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप, नव्या नळ्या, बहुतेकदा टाकीच नवी. हेडमधली वाफ बाहेर काढणारी नळी रेडिएटरला जोडायची. मग वायरिंग, कॉम्प्युटर आणि त्यातलं चोरीविरोधी कुलूप. मूळ गाडीची ओळख पटली नाही तर ते इंजिन पेट्रोलच घेत नाही. ते उघडायला माझ्या मित्रासारखा माणूस लागतो. अर्थिंगची एक तार सैल राहिली तरी इंजिन मिसिंग करतं आणि दोष आठवडाभर सापडत नाही. आणि ४३० अश्वशक्ती आल्यावर साठच्या दशकातले ड्रम ब्रेक जागच्या जागी ठेवणं धोक्याचं आहे. भंगारातल्या ट्रकमधून ५.३ लिटरचं लोखंडी एलएस स्वस्तात मिळतं. त्या स्वस्ताईने लोक हुरळतात. इंजिनापेक्षा जास्त पैसे या यादीत जातात. कायद्याचंही बघावं लागतं. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. त्यानंतरच्या गाडीत इंजिन बदलायचं तर नव्या इंजिनाची सारी प्रदूषणरोधक साधनंही सोबत बसवावी लागतात.

या यादीत मध्येच अडकलेल्या गाड्या दुकानाच्या मागच्या शेडमध्ये आहेत. जुनं इंजिन विकलं गेलेलं, नवं अर्धं जोडलेलं, वायरी बाहेर आलेल्या, मालकाचा उत्साह आणि पैसा संपलेला. मिस्त्री त्यांच्याकडे बघतो तेव्हा त्याचा चेहरा पडतो. गंजून जेवढ्या गाड्या गेल्या नसतील, तेवढ्या या अर्धवट कामांनी जातील, असं तो म्हणाला. मला दुसरीही काळजी वाटते. त्याच्याकडे शिकायला कुणी नाही. पाच-दहा वर्षांनी होलीचे कॅम मिळतील. कोणत्या रंगाचा लावायचा हे सांगणारा कान मिळेल का, ते सांगता येत नाही.

म्हणून माझं मत असं. ज्या गाडीत तिच्या क्रमांकाचं इंजिन आहे, त्या गाडीला हात लावू नये. तिथे प्रश्नच नाही. आमच्यासमोरच्या कॅमारोसारखी जिचं इंजिन आधीच गेलंय, तिच्यात मालकाने रोज लांब जायचं असेल आणि ब्रेक, टाकी, वायरिंगसकट सगळा खर्च आधी बाजूला काढून ठेवला असेल, तर एलएस-३ बसवावं, खुशाल बसवावं. खर्चाची तयारी निम्मी असेल तर नारिंगी ३५०, रोलर कॅमसह, आणि वर होली. ते दोन शनिवारांत बसतं आणि गाडी चालू राहते. मालकालाही मिस्त्रीने हेच सांगितलं, आणि त्याने ३५० घेतलं.

अमेरिकेतल्या मराठी घरांपैकी कुणाच्या गॅरेजमध्ये अशी गाडी असेल आणि नवं इंजिन घालायचं ठरलं असेल, तर त्यांना एक विनंती. उतरवलेलं इंजिन विकू नका. सिलिंडरांत तेल सोडा, तोंडं बंद करा, पट्टीवरचे अंक स्वच्छ करून त्यांचा फोटो काढा, आणि ते गाडीसोबत ठेवा. गाडी विकाल तेव्हा तेही तिच्याबरोबर द्या.