जोडावे की टाकावे?

शाळेची घंटा होण्यास दहाच मिनिटे उरलेली असतात. विद्यार्थी घाईघाईने सायकल हाकीत असतो; तोच मागील चाकातून ‘फुस्स’ असा आवाज येतो, चाक खाली बसते आणि स्वाराचा पादचारी होतो! हा अनुभव ज्याच्या वाट्यास आला नाही, असा सायकलस्वार विरळाच. अशा वेळी प्रश्न पडतो : ट्यूबला ठिगळ लावून घ्यावे, की जुनी टाकून नवी बसवावी? प्रश्न दिसावयास क्षुल्लक; परंतु त्याचे उत्तर देण्यास डोळे आणि विवेक दोन्ही लागतात.

हवा भरलेले चाक प्रचारात आणण्याचे श्रेय जॉन बॉइड डनलॉप यांना दिले जाते. ते बेलफास्ट येथे गुरांचे डॉक्टर होते. आपल्या मुलाच्या तीनचाकीस खडबडीत रस्त्यावर बसणारे धक्के कमी व्हावेत, म्हणून १८८७ साली त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर बसविली. चाक मऊ झाले. परंतु त्याबरोबर एक नवे संकटही आले. भरीव चाकास काट्याचे भय नव्हते, ते या चाकास होते. शिवाय सुरुवातीचे टायर धावेला चिकटविलेले असत. १८८९ साली फ्रान्समधील मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात अशी एक सायकल दुरुस्तीस आली, तेव्हा त्या कामास काही तास लागले आणि खळ वाळण्यासाठी सारी रात्र थांबावे लागले. एवढे करूनही दुसऱ्या दिवशी हवा पुन्हा गेलीच! या अनुभवातून त्यांनी सहज काढता-घालता येणारा टायर तयार केला आणि १८९१ साली त्याचे एकस्व घेतले. दुरुस्ती सुलभ झाली, तेव्हाच हे वाहन खऱ्या अर्थाने सामान्य माणसाचे झाले.

आता ठिगळ टिकते कसे, ते पाहू. नैसर्गिक रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होते. चार्ल्स गुडइयर यांनी रबरात गंधक मिसळून ते तापविले, तेव्हा त्याला स्थिर लवचिकपणा आला. या कृतीचे एकस्व त्यांना १८४४ साली मिळाले. असे पक्के झालेले रबर मेणासारखे वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही. म्हणूनच चांगली ट्यूब अकारण टाकून देणे हा खरा अपव्यय होय.

पंक्चर काढताना प्रथम छिद्र शोधावे. ट्यूबमध्ये हवा भरून ती थोडी थोडी पाण्यात बुडवावी. जेथून बुडबुडे येतील, तेथे छिद्र आहे असे समजावे. परंतु तेवढ्यावर थांबू नये. टायरच्या आतील बाजूही नीट तपासावी. बाभळीच्या काट्याचे टोक तेथे रुतून राहिले असेल, तर नवी ट्यूबसुद्धा घटकाभरात फुटेल. कारण न शोधता केलेला कोणताही उपाय व्यर्थच ठरतो.

त्यानंतर छिद्राभोवतीचा भाग पुसून काचकागदाने खरखरीत करावा. त्यावर सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि काही मिनिटे वाळू द्यावा. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. सोल्यूशन ओले असतानाच ठिगळ लावले, तर ते पक्के धरत नाही. ओलेपणा उडून गेल्यावर ठिगळ ठेवून कडांपर्यंत जोराने दाबावे. अशा रीतीने लावलेले ठिगळ बहुधा ट्यूबइतकेच टिकते.

मग ट्यूब टाकावी तरी केव्हा? व्हॉल्व्हच्या बुडाशी ती फाटली असेल, चीर लांब असेल, रबर जुने होऊन त्यास बारीक भेगा पडल्या असतील, अथवा एका ठिगळाच्या कडेवर दुसरे ठिगळ लावण्याची पाळी आली असेल, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. काट्याचे एखादे छिद्र मात्र नव्या ट्यूबचे निमित्त होऊ शकत नाही.

मी मुख्याध्यापक असताना दूरच्या वस्तीवरून एक विद्यार्थी सायकलने शाळेत येत असे. त्याची ट्यूब व्हॉल्व्हपाशी चिरली होती. घरची गरिबी, “अजून चार दिवस चालेल,” असे म्हणून तो रोज सकाळी हवा भरी. वार्षिक परीक्षेच्या दिवशी ट्यूब वाटेतच फाटली. सायकल ढकलीत तो घामाघूम होऊन पोचला, तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका सुखवस्तू मुलाने एका काट्यापायी आपली जवळजवळ नवी ट्यूब शाळेमागील उकिरड्यावर फेकली. आमच्या शिपाईमामांनी ती उचलली, पंक्चर काढले आणि त्या पहिल्या मुलाच्या चाकात बसविली. तो शाळा सोडून गेला, तोवर ती ट्यूब चालत होती!

त्या दिवशी मला उमगले, की दोघाही मुलांची चूक एकच होती. दोघांनीही वस्तूकडे नीट पाहिले नव्हते. एकाने काटकसर समजून धोका जवळ केला; दुसऱ्याने सोय समजून उपयोगी वस्तू दूर लोटली. जे जोडता येते ते टाकू नये आणि जे जुळणार नाही त्यात जीव अडकवू नये. यांतील भेद ओळखणे म्हणजेच विवेक. आणि तो शिकण्यास सायकलीचे पंक्चर हाही एक चांगला धडा आहे.